व्हर्जिनियाच्या नोंदी, न्यू जर्सीचा पत्ता आणि ६४० डॉलरचा अंदाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता. भाचा व्हर्जिनियात शिकायला होता. त्याच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये भिंतींना बुरशी आली आणि घर सोडल्यावर मालकाने डिपॉझिट अडकवलं. वर ‘काउंटीचा (जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारचा) इन्स्पेक्टर येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही’ असंही सांगितलं. भाचा आता नोकरीसाठी टेक्सासला गेलाय. तुम्ही काउंटीकडे तपासणीचे कागद मागितले, तर ‘हा हक्क फक्त व्हर्जिनियाच्या नागरिकांना आहे’ असं उत्तर आलं. मग व्हर्जिनियातच रिचमंडला राहणाऱ्या मेहुणीकडून तोच अर्ज टाकलात आणि कागद शोधून देण्याच्या खर्चाचा ६४० डॉलरचा अंदाज हातात पडला. हे कायद्यात बसतं का, सगळ्या राज्यांत असंच असतं का आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

नकार कायद्यात बसतो, त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका. ६४० डॉलरचा आकडा मात्र तुमच्या अर्जाच्या शब्दांमधून आलाय आणि तो खाली आणता येतो. शिवाय तुम्हाला जे कागद खरोखर हवेत, त्यातले काही या कायद्याला हात न लावताही मिळू शकतात. राज्य आणि काउंटी पातळीवरच्या नोंदी लोकांना मिळवून देणं हेच माझं काम आहे. आपल्याकडची माणसं या विषयात कुठे अडकतात हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपली पहिली गफलत माहितीच्या अधिकाराच्या सवयीमुळे होते. भारतातला २००५ चा कायदा सगळ्या नागरिकांना सारखा लागू आहे. पुण्यात राहणारा माणूस आसाममधल्या सरकारी कार्यालयाकडे अर्ज करू शकतो, तू आसामचा आहेस का असं त्याला कोणी विचारू शकत नाही. केंद्राच्या नियमांप्रमाणे अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत आल्यावर आपण ‘फोया’ (फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट) हा शब्द ऐकतो आणि तो इथला माहितीचा अधिकार समजून मोकळे होतो. पण १९६६ चा तो संघराज्याचा कायदा फक्त केंद्रीय खात्यांना लागू आहे. त्याखाली कोणीही अर्ज करू शकतं, नागरिकत्व लागत नाही. साताऱ्यात बसूनही अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करता येतो. काउंटी, शहर, शाळामंडळ, राज्याचे पोलीस हे सगळे मात्र त्या त्या राज्याच्या कायद्याखाली येतात, आणि ५० राज्यांचे ५० कायदे आहेत. गोंधळ वाढवायला व्हर्जिनियाच्या कायद्याचं नावही फोयाच आहे.

बहुतेक राज्यं ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्द वापरतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास, फ्लोरिडा, इलिनॉय, वॉशिंग्टन इथे तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही. फ्लोरिडात तर साधारणपणे नाव सांगण्याची किंवा लेखी अर्ज करण्याचीही सक्ती करता येत नाही. राज्याच्या रहिवाशांपुरता हक्क मर्यादित ठेवणाऱ्यांत व्हर्जिनिया, टेनेसी, अर्कान्सॉ, अलाबामा, डेलावेअर आणि केंटकी ही नावं पक्की लक्षात ठेवावीत. केंटकी या यादीत २०२१ मध्ये आलं, म्हणजे वारं सगळीकडे खुलेपणाकडेच वाहतंय असं समजू नका. उलट जॉर्जियाने २०१२ मध्ये कायदा बदलताना राज्याच्या नागरिकत्वाची अट काढून टाकली.

ही अट घटनेत बसते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तो नेमका व्हर्जिनियाच्याच कायद्यावर. त्यात दोन अर्जदार होते. मॅकबर्नी ऱ्होड आयलंडचे. त्यांच्या मुलाच्या पोटगीचं प्रकरण व्हर्जिनियाच्या खात्याने वेळेत हाताळलं नाही अशी त्यांची तक्रार होती, आणि त्यासंबंधीचे कागद त्यांना हवे होते. दुसरे हर्लबर्ट कॅलिफोर्नियाचे. लोकांसाठी मालमत्ता कराच्या नोंदी मिळवून देणं हा त्यांचा धंदा होता आणि त्यांनी हेन्रायको काउंटीकडे नोंदी मागितल्या होत्या. दोघांनाही बाहेरचे म्हणून नकार मिळाला. त्याआधी २००६ मध्ये डेलावेअरची अशीच अट तिसऱ्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने रद्द केली होती, त्यामुळे यांनाही आशा होती. पण २९ एप्रिल २०१३ रोजी मॅकबर्नी विरुद्ध यंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने व्हर्जिनियाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की अशा कायद्यांखाली मिळणारी माहिती मिळवणं हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. राज्याच्या कारभाराचा हिशेब मागण्याची ही सोय त्या राज्याच्या लोकांसाठी आहे आणि नोंदी सांभाळण्याचा कायमचा खर्चही तेच सोसतात. आंतरराज्य व्यापारात अडथळा येतो, हा युक्तिवादही टिकला नाही.

मला हा निकाल पटत नाही. तुमच्या भाच्याने दोन वर्षं त्या राज्यात भाडं भरलं, तिथे विक्रीकर भरला, तिथल्या इन्स्पेक्टरच्या कामावर त्याची तब्येत अवलंबून होती. तो राज्याबाहेर गेल्याबरोबर त्याचा प्रश्न संपत नाही. नोकरीमागे राज्यं बदलत राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना ही अट सगळ्यात जास्त लागते. पण निकाल एकमताचा आहे आणि लागू आहे. काउंटीला घटनेचे दाखले देणारी लांबलचक ईमेल लिहून काही होणार नाही.

त्याच निकालात तुमच्या कामाची एक गोष्ट मात्र आहे. न्यायालयाने म्हटलं, की या अर्जदारांना कागद मिळवायचे दुसरे मार्ग मोकळे होते. मॅकबर्नींना हवी असलेली बरीचशी माहिती व्हर्जिनियाच्याच दुसऱ्या एका कायद्याखाली मिळाली होती, कारण ती त्यांच्या स्वतःबद्दलची होती. सरकारकडे असलेली स्वतःची वैयक्तिक माहिती पाहण्याचा हक्क तो कायदा देतो. हर्लबर्टना हव्या असलेल्या करआकारणीच्या नोंदी ऑनलाइन होत्या. मी या कामात रोज हेच पाहते. रहिवासाची अट एका कायद्याला चिकटलेली असते, कागदाला नाही. म्हणून कागद नाकारला गेला की ‘हाच कागद आणखी कोणाकडे, कोणत्या कायद्याखाली असतो?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

व्हर्जिनियात जमिनीचे दस्त, खरेदीखतं, गहाणखतं ही सर्किट कोर्टाच्या (राज्याच्याच स्थानिक कोर्टाच्या) क्लार्ककडे असतात. ती पाहायला तुम्ही कुठले हे कोणी विचारत नाही. घरमालकावर इतर भाडेकरूंनी दावे लावलेत का, हे जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या ऑनलाइन शोधात फुकट दिसतं. तुमच्या जागी मी असते तर पहिल्यांदा तेच उघडलं असतं, कारण डिपॉझिट अडकवणारा मालक सहसा एकाच माणसाचं अडकवत नाही. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शैक्षणिक नोंदी १९७४ च्या केंद्रीय कायद्याखाली मिळतात. जन्ममृत्यूचे दाखले पूर्ण वेगळ्या नियमाने चालतात. तिथे राहता कुठे यापेक्षा नातं काय हे बघतात. व्हर्जिनियात जन्माची नोंद १०० वर्षांनी आणि मृत्यूची २५ वर्षांनी सर्वांसाठी खुली होते, तोवर ती जवळच्या नातलगांना मिळते. या दाखल्यांसाठी फोयाचा अर्ज टाकून आठवडे घालवणारे लोक मला नेहमी भेटतात.

तुमच्या प्रकरणातले कागद, म्हणजे इमारतीचे परवाने, तपासण्या, उल्लंघनाच्या नोटिसा, हे काउंटीकडेच असतात. पण बऱ्याच मोठ्या काउंटींनी ते परवान्यांच्या पोर्टलवर टाकलेले आहेत. पत्ता टाकला की तपासणीची तारीख, प्रकार आणि निकाल दिसतो. तिथे निदान तपासणी क्रमांक मिळाला तरी अर्धं काम झालं. तो कसा वापरायचा ते पुढे सांगते. आणि भाच्याने डिपॉझिटचा दावा खरोखर दाखल केला, तर कोर्टाकडून समन्स काढून काउंटीचे कागद मागवता येतात. त्या वाटेवर व्हर्जिनियाचं नागरिकत्व आड येत नाही. व्हर्जिनियाच्या भाडेकायद्याप्रमाणे घर सोडल्यावर ४५ दिवसांत डिपॉझिट परत करायचं किंवा कशापोटी कापलं त्याचा लेखी तपशील द्यायचा असतो. तो तपशील भाच्याला मिळाला होता का, हे त्याला आजच विचारा. कदाचित बुरशीचे कागद लागणारही नाहीत.

आता स्थानिक माणसामार्फत अर्ज करण्याबद्दल. मेहुणीने अर्ज केला यात गैर काही नाही. ती त्या राज्याची आहे, कागद कशासाठी हवेत हे सांगायचं बंधन तिच्यावर नाही, आणि मिळालेले कागद ती कोणालाही देऊ शकते. व्हर्जिनियात अधिकारी नाव आणि कायदेशीर पत्ता मागू शकतो, तो तिने खराच द्यावा. काही लोक मित्राचा पत्ता परस्पर टाकून स्वतःच्या नावाने अर्ज करतात. असं करू नका; पुढे कोर्टात तोच कागद पुरावा म्हणून मांडायचा असेल, तर तो मिळवला कसा यावरून समोरचा वकील तुमच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवेल. आणि एक व्यवहाराची गोष्ट: बिल मेहुणीच्या नावाने निघतं. पैशांचं आधी बोलून घ्या आणि तिला प्रत्येक ईमेल तुमच्याकडे पाठवायला सांगा.

केंटकीत काम असतं तर तुम्ही वेगळ्या जागी उभे असता. तिथल्या कायद्यात रहिवासी कोण याची व्याख्या बरीच रुंद आहे. तिथे राहणारा तर आलाच, पण त्या राज्यात नोकरीला जाणारा, तिथे स्थावर मालमत्ता असलेला आणि अशा कोणाच्या वतीने अधिकृतपणे अर्ज करणारासुद्धा त्यात बसतो. म्हणजे ओहायोतल्या सिनसिनाटीत राहून नदीपलीकडे केंटकीत कामाला जाणारा आपला माणूस बिनधास्त अर्ज करू शकतो. टेनेसीत मात्र पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र मागतात. तुमच्या न्यू जर्सीच्या ओप्रा या सरकारी नोंदींच्या कायद्यातही ‘या राज्याचे नागरिक’ असे शब्द आहेत, पण २०१८ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते शब्द बाहेरच्यांना अडवण्यासाठी नाहीत असं ठरवलं. म्हणून नुसतं कलम वाचून निष्कर्ष काढू नये, त्यावर न्यायालय काय म्हणालं तेही बघावं. पेनसिल्व्हेनियाचं आणखी निराळं: अर्जदार अमेरिकेचा कायदेशीर रहिवासी हवा, राज्य कोणतंही चालेल. नाशिकला परत गेलेल्या कुटुंबाला पिट्सबर्गच्या कार्यालयातून काही हवं असेल तर त्यांनी अमेरिकेतल्या कोणा नातेवाइकाला अर्ज करायला सांगावं.

एवढं सगळं असलं तरी माझ्याकडे येणाऱ्यांतले बहुतेक जण रहिवासाच्या अटीपाशी थांबत नाहीत. ते बिलापाशी थांबतात. झेरॉक्सचे दर कुठेच भयंकर नाहीत. न्यू जर्सीत साध्या आकाराच्या पानाला ५ सेंट, मॅसॅच्युसेट्समध्येही ५, टेक्सासमध्ये १०, फ्लोरिडात एकपाठी पानाला १५, न्यूयॉर्कमध्ये जास्तीत जास्त २५. इलिनॉयमध्ये पहिली ५० काळीपांढरी पानं फुकट, डेलावेअरमध्ये पहिली २०. खरा पैसा जातो तो माणसाच्या तासांत: शोधायला, वाचायला आणि द्यायचा नसलेला मजकूर झाकायला लागणारा वेळ.

आणि इथे राज्याराज्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. अर्कान्सॉ बाहेरच्याला आत घेत नाही, पण आत घेतलेल्याकडून कर्मचाऱ्यांच्या शोधण्याच्या वेळेचे पैसे साधारणपणे घेत नाही. टेनेसीत नुसतं बघायला पैसे नाहीत, आणि प्रती घेतल्या तर राज्याच्या दरपत्रकाप्रमाणे श्रमाचा पहिला तास माफ असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या खात्यांना पहिले चार तास आणि नगरपालिकांना साधारणपणे पहिले दोन तास फुकट द्यावे लागतात, आणि १० कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिलं नाही तर पैसे मागायचा हक्कच जातो. ही तरतूद मला फार आवडते. इतर राज्यांनी ती घ्यावी असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते. टेक्सासमध्ये श्रमाचा दर तासाला १५ डॉलर, आणि ५० पानांपर्यंतच्या साध्या मागणीला सहसा श्रमाचे पैसे नाहीत. कॅलिफोर्नियात हेवर्ड शहराने पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ झाकायचे ३,००० डॉलरहून जास्त मागितले होते. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की झाकण्याच्या वेळेचे पैसे अर्जदाराकडून घेता येणार नाहीत.

व्हर्जिनियात काउंटी शोधण्याचे, काढण्याचे, प्रती करण्याचे आणि पुरवण्याचे वाजवी पैसे घेऊ शकते, मात्र प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नाही. नोंदी सांभाळायचा किंवा कार्यालय चालवायचा सर्वसाधारण खर्च तुमच्यावर टाकता येत नाही. शोध सुरू करण्याआधी, पैसे लागू शकतात हे लेखी कळवून अंदाज हवा का हे विचारणं बंधनकारक आहे. अंदाज २०० डॉलरच्या वर गेला तर आगाऊ रक्कम मागता येते. तुमच्याकडे मागितली आहे ती तशीच.

तुम्ही पाठवलेला अंदाज मी नीट पाहिला. १६ तास, तासाला ४० डॉलर, प्रतींचे शून्य. म्हणजे संपूर्ण रक्कम माणसाच्या वेळेची आहे. मग अर्ज पाहिला. तुम्ही लिहिलं होतं: ‘या इमारतीसंबंधी काउंटीकडे असलेली सर्व कागदपत्रं, ईमेल आणि पत्रव्यवहार.’ हे वाचून कारकून काय करतो ते समजून घ्या. इमारतीत अनेक अपार्टमेंट असतात. ‘सर्व’ म्हटल्यावर परवाना विभाग, अग्निशमन, करआकारणी, झोनिंग (जमीनवापराचे नियम), आरोग्य, प्रत्येकाला विचारावं लागतं. ‘ईमेल’ म्हटल्यावर संगणक विभाग पत्ता टाकून सगळ्यांच्या पेट्या धुंडाळतो, शेकडो ईमेल निघतात आणि त्यातली प्रत्येक कोणीतरी वाचावी लागते, कारण मध्येच वकिलाचा सल्ला असेल किंवा तक्रारदाराचं नाव असेल. इमारतीच्या आणि झोनिंगच्या तक्रारी करणाऱ्यांची नावं झाकायची मुभा व्हर्जिनियाच्या कायद्यात आहे. १६ तास असे भरतात. कोणी तुम्हाला मुद्दाम अडवलंय असं मला यात दिसत नाही.

तुम्हाला ईमेल नकोच आहेत. इन्स्पेक्टर आला होता का, कधी आणि त्याने काय लिहिलं, एवढंच हवं आहे. म्हणून मेहुणीने काउंटीला असं लिहावं: ‘आधीचा अर्ज मी मर्यादित करते. अमुक पत्ता, अपार्टमेंट क्रमांक अमुक. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत (भाचा राहायला आल्यापासून घर सोडल्यानंतर महिनाभरापर्यंत) मालमत्ता देखभाल किंवा इमारत नियमांखाली झालेल्या तपासण्यांचे अहवाल, त्यांना जोडलेले फोटो आणि मालकाला दिलेल्या नोटिसा. ईमेल नकोत. तक्रारदाराची नावं झाकली तरी हरकत नाही. प्रती पीडीएफमध्ये ईमेलने पाठवाव्यात. अशी तपासणी झालीच नसेल तर तसं लेखी कळवावं. सुधारित अंदाज ५० डॉलरच्या वर जात असेल तर काम सुरू करण्याआधी तासांची फोड पाठवावी.’ पोर्टलवर तपासणी क्रमांक सापडला असेल तर तो पहिल्या ओळीत टाका. क्रमांक दिला की शोध हा प्रकार उरतच नाही, कारकून थेट ती फाइल उघडतो.

‘तपासणी झालीच नसेल तर’ हे वाक्य गाळू नका. व्हर्जिनियाच्या कायद्यात काउंटीला ठरावीक प्रकारचीच उत्तरं देता येतात. ‘शोधलं, पण अशी नोंद आमच्याकडे नाही’ हे त्यातलं एक आहे, आणि ते लेखी द्यावं लागतं. इन्स्पेक्टर येऊन गेला असं मालक म्हणतोय. काउंटीच्या सही-शिक्क्यानिशी ‘अशी नोंद नाही’ असं पत्र आलं, तर भाच्याच्या हातात तपासणी अहवालापेक्षाही जोरदार कागद येईल.

अर्ज पाठवण्याआधी मेहुणीने कार्यालयात फोन करावा. प्रत्येक स्थानिक कार्यालयाचा फोयासाठी नेमलेला अधिकारी असतो आणि त्याचा संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. ‘मला नेमकं एवढंच हवंय, तुमच्याकडे ते कोणत्या नावाने ठेवतात?’ असं विचारावं. या कामातल्या बहुतेक अडचणी मी याच एका फोनवर सुटताना पाहिल्यात. नोंदी सांभाळणारी माणसं मदत करायला तयार असतात, त्यांना फक्त कळावं लागतं की समोरच्याला काय पाहिजे. आपल्याकडची मंडळी फोन टाळतात, उच्चारामुळे किंवा भिडेमुळे, आणि मग पहिल्याच पत्रात कायद्याची कलमं टाकतात. कलमं शेवटी लागली तर आहेतच. अर्जात फोयाचा उल्लेख केला नाही तरी कायद्याने तो अर्ज वैधच असतो.

मुदतीचं सांगते. उत्तराला पाच कामकाजाचे दिवस, लेखी कारण देऊन आणखी सात. काहीच उत्तर नाही आलं तर तो नकार धरला जातो. सुधारित अंदाजही अवाजवी वाटला तर राज्याच्या फोया सल्लागार मंडळाकडे विचारा. २००० मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ फुकट सल्ला देतं. तो बंधनकारक नसतो, पण काउंटीचे वकील त्याला मान देतात. त्यानंतर जनरल डिस्ट्रिक्ट किंवा सर्किट कोर्टात याचिका करता येते. एवढ्या रकमेसाठी तिथवर जायची वेळ येईल असं मला वाटत नाही.

तुमच्या पत्रावरून अंदाज येऊन तीन आठवडे होत आलेत. व्हर्जिनियात अंदाज पाठवल्यापासून ३० दिवसांत अर्जदाराने काहीच कळवलं नाही, तर अर्ज मागे घेतला असं धरतात आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पैसे भरायची घाई नाही, पण मर्यादित केलेला मजकूर मेहुणीच्या ईमेलवरून, अंदाज आला त्याच ईमेलला उत्तर म्हणून, या आठवड्यातच जाऊ द्या.